हाताखालची फंक्शने

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या आमगावातल्या फोटो स्टुडिओंत आणि झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. बँकेच्या नोकरीसाठी आयबीपीएसच्या अर्जाला फोटो लागतो २०० बाय २३० पिक्सेलचा, वजन २० ते ५० केबी. सही लागते १४० बाय ६० पिक्सेलची, वजन १० ते २० केबी. दुसऱ्या खात्याची मापे वेगळी, तिसऱ्याची आणखी वेगळी. सालेकसा, देवरीकडून बसने आलेली मुले काउंटरपुढे उभी असतात आणि आतला माणूस फोटो उघडतो, कापतो, लहान करतो, सेव्ह करतो, वजन पाहतो. ६३ केबी. पुन्हा क्वालिटी कमी, पुन्हा सेव्ह, पुन्हा वजन. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत हेच चालते.

या कामात कसब फार थोडे आहे, आणि जे आहे ते पहिल्या मिनिटात संपते. चेहरा सरळ आहे का, उजेड दोन्ही गालांवर सारखा आहे का, हे पाहायला माणूस हवा. पुढची उठाठेव मात्र प्रोग्रामला एकदा लिहून सांगता येते. असे लिहून सांगणे म्हणजे स्क्रिप्ट, आणि अशा स्क्रिप्टा ज्या लहान लहान तुकड्यांवर उभ्या राहतात ती मदतनीस फंक्शने. हे पुस्तक त्या तुकड्यांचे आहे. ते लिहिले आहे गिंप या मोफत चित्र-संपादन प्रोग्रामसाठी, पण त्यातला विचार दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला लागू पडेल अशा बेताने.

स्क्रिप्ट लिहायला बसलेल्या नवख्याला पहिला धक्का बसतो तो असा. त्याला वाटत असते, चार ओळींचे काम आहे : उघड, काप, लहान कर, सेव्ह कर. प्रत्यक्षात त्या चार ओळींभोवती तीस ओळी जमतात आणि त्यातली एकही फोटोबद्दल नसते. आलेले चित्र रंगीत आहे की करड्या छटांचे? लेअरला पारदर्शकता आहे का? मोबाइलवर काढलेला फोटो आडवा पडून आला आहे का? स्क्रिप्टने मध्येच पुढचा रंग बदलला, तर काम झाल्यावर वापरणाऱ्याचा मूळ रंग त्याला परत मिळेल ना? आणि काही बिनसले तर कंट्रोल-झेड एकदा दाबून सगळे मागे जाईल, की वीसदा दाबावे लागेल? हे प्रश्न प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तेच असतात. त्यांची उत्तरे दर वेळी नव्याने लिहिणारा माणूस लवकरच कंटाळतो आणि सोडून देतो. ती उत्तरे एकदा नीट लिहून, नाव देऊन बाजूला ठेवणारा पुढे जातो.

वजनाचेच उदाहरण जवळून पाहू. जेपीईजीची क्वालिटी आणि फाइलचे वजन यांचे ठरावीक सूत्र नाही. पांढऱ्या पडद्यापुढचा चेहरा आणि झाडापुढचा तोच चेहरा, पिक्सेल तेवढेच, क्वालिटी तेवढीच. तरी पानांच्या बारकाव्यामुळे दुसऱ्याचे वजन जास्त भरते. त्यामुळे सेव्ह करून पाहण्याला पर्याय नाही. दुकानातला माणूस अंदाजाने पाच-पाचने खाली येतो. फंक्शन मध्यावरून सुरुवात करते : ५० वर सेव्ह केले, जड झाले, तर ५० च्या वरचे सगळे बाद, आता २५. हलके झाले, तर २५ च्या खालचे बाद, आता ३७. दर वेळी उरलेल्याचे निम्मे. शंभर पायऱ्यांत जास्तीत जास्त सात प्रयत्नांत उत्तर सापडते, आणि सापडते ते मर्यादेत बसणारे सर्वांत चांगले चित्र. दमलेला माणूस ‘चालेल’ म्हणून ३० वर थांबतो तिथे फंक्शन त्याहून वर जाऊन येते, आणि अर्जदाराचा चेहरा तेवढा स्वच्छ राहतो. मर्यादा गाठताच येत नसेल तर या फंक्शनने तसे स्पष्ट सांगायला हवे. गप्प राहून चुकीची फाइल हातात देणारे फंक्शन नसलेले बरे. हा नियम या पुस्तकात मी कुठेही सैल होऊ दिलेला नाही.

किंवा पासपोर्ट फोटोची शीट घ्या. ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहाचा कागद आडवा धरला की १८०० बाय १२०० पिक्सेल. त्यात चार-चारच्या दोन रांगा, आठ फोटो. रुंदीत १४८ पिक्सेल उरतात, उंचीत १३८. ते कापण्यासाठी मधल्या फटींत वाटायचे. हे आकडे आपल्याकडच्या फोटोवाल्यांना तोंडपाठ असतात, आणि म्हणूनच ते स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘४१३’ असे थेट लिहून टाकतात. मग एखादा अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंची चौकोनी फोटो मागतो आणि स्क्रिप्टमधला प्रत्येक आकडा शोधत बसावे लागते. मिलिमीटरचे पिक्सेल करणारे एक फंक्शन, कागदावर किती मावतात ते सांगणारे दुसरे, उरलेली जागा वाटणारे तिसरे. ही तीन असली की नवे माप म्हणजे फक्त दोन नवे आकडे. दोन इंची फोटो चार बाय सहावर सहा बसतात, अगदी काठोकाठ, कटर चालवायला जागाच उरत नाही. हेही तिसरे फंक्शन आपणहून सांगते, कागद वाया जाण्याआधी.

अशी फंक्शने साठवून ठेवण्याची कल्पना चित्र-संपादनाहून कितीतरी जुनी आहे. केंब्रिजला एडसॅक संगणकावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये प्रोग्राम कसे तयार करावेत यावर पुस्तक काढले, तेव्हाच त्यात पुन्हापुन्हा लागणाऱ्या तुकड्यांचा संग्रह कसा ठेवावा हा गाभ्याचा विषय होता. चित्रांच्या बाबतीत ऐंशीच्या दशकातले एक उदाहरण पाहा. १९८८ मध्ये जेफ पोस्कॅन्झर यांनी पीबीएमप्लस नावाची लहान लहान आज्ञांची पेटी बाहेर काढली. प्रत्येक आज्ञा एकच काम करते, आणि एकीचे उत्तर दुसरीला पाजायचे, हा युनिक्सचा शिरस्ता. ड्यूपाँट कंपनीत जॉन क्रिस्टी यांनी सुरू केलेले इमेजमॅजिक १९९० मध्ये सर्वांसाठी खुले झाले. हजारो फाइली एका ओळीत लहान करायच्या असतील तर आजही हीच वाट सर्वांत जवळची. पण या घराण्याच्या साधनांना डोळे नाहीत. मधेच थांबून ‘हा चेहरा थोडा डावीकडे घे’ असे म्हणण्याची सोय त्यात नाही.

दुसरे घराणे फोटोशॉपचे. १९९० मध्ये आलेल्या या प्रोग्रामला १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत ‘अ‍ॅक्शन’ मिळाल्या : आपण हाताने केलेले काम नोंदवून ठेवायचे आणि पुन्हा वाजवायचे. आमच्या भागात लग्नाचे अल्बम करणारे सगळे याच वाटेने शिकले. शिकायला सोपी, पण आंधळी वाट. हाताने सरकवले की अ‍ॅक्शनला ‘४० पिक्सेल सरकव’ एवढेच कळते, ते मध्यावर आणण्यासाठी होते हे कळत नाही. उभ्या फोटोवर नोंदवलेली कृती आडव्या फोटोवर वाजवली की फ्रेम डोक्यातून जाते. ही उणीव भरायला पुढे जावास्क्रिप्टमधून फोटोशॉप चालवण्याची सोय आली. तिथली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रोग्रामच्या आतल्या कृतींची नावे मिळवायची फंक्शने इतक्या लांब नावांची होती, की लिहिणाऱ्यांच्या स्क्रिप्टांच्या माथ्यावर तीच ती दोन-चार अक्षरी मदतनीस फंक्शने दिसू लागली. गरज सगळ्यांची एकच होती, म्हणून उपायही एकच निघाला.

शास्त्रज्ञांचे घराणे निराळेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९९७ मध्ये इमेजजे सुरू केले. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजणाऱ्यांना सुंदर चित्र नको असते, तेच माप पुन्हा तसेच मिळायला हवे असते. नोंदवलेली कृती तिथे वाचता येणाऱ्या मजकुरात उतरते, आणि ती हाताने दुरुस्त करत माणूस आपोआप प्रोग्राम लिहायला शिकतो. पायथनमधली पिलो ही लायब्ररी आणि फ्रान्समधून आलेले जीमिक यांचे जग मोठे आहे, पण या पुस्तकात त्यांना पाहुण्यांइतकीच जागा आहे.

गिंपची गोष्ट १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाली. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला. विद्यार्थ्यांच्या ज्या संगणक मंडळात ते होते, त्याच्या आद्याक्षरांची खूण गिंपच्या फाइलींच्या एक्ससीएफ या नावात आजही आहे. जून १९९८ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा स्क्रिप्ट-फू त्यात होते. त्याची भाषा स्कीम, म्हणजे लिस्पच्या घराण्यातली, कंसांनी भरलेली. गिंपने आपल्या पोटातले प्रत्येक काम एका नोंदवहीत नावानिशी मांडून ठेवले, आणि कोणत्याही भाषेतून ते नाव घेऊन ते काम करवून घेता येईल असे केले. पुढे पर्ल आली, पायथन आली. गिंपमध्ये हाताचे काम नोंदवण्याची सोय मात्र नाही. त्यामुळे इथे नवख्याला पहिल्या दिवसापासून लिहावेच लागते, आणि म्हणून मदतनीस फंक्शनांची निकड इथे सर्वांत जास्त.

त्यांचे मोल २००७ मध्ये दिसले. २.४ आवृत्तीत गिंपने स्क्रिप्ट-फूच्या खालचे इंजिन बदलले. सायोड गेले, टायनीस्कीम आले. नवे इंजिन शिस्तीचे होते. आधी न सांगितलेल्या चलाला परस्पर किंमत दिलेली त्याला खपत नसे, आणि सायोडची कित्येक सोयीची फंक्शने त्याच्यात नव्हतीच. जगभरच्या स्क्रिप्टा रातोरात बंद पडण्याची वेळ आली. गिंपच्या लोकांनी जुन्या सवयींची एक फाइल सोबत दिली : मजकूर तोडणारे, यादीचे शेवटचे टोक काढणारे, अशी जुन्या नावांची फंक्शने नव्या इंजिनावर पुन्हा लिहिलेली. शेकडो ओळींच्या कित्येक स्क्रिप्टा त्या एका पातळ थराने तगल्या. स्वतः गिंपच्या लोकांना जे करावे लागले तेच आमगावच्या दुकानातल्या माणसाने आपल्या दहा स्क्रिप्टांसाठी करावे, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी आजच करण्याला कारण आहे. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आले आणि जुन्या स्क्रिप्टांवर २००७ पेक्षा मोठी कुऱ्हाड कोसळली. चित्राची रुंदी विचारणाऱ्या फंक्शनचे नावसुद्धा बदलले : पूर्वी ‘गिंप-इमेज-विड्थ’, आता ‘गिंप-इमेज-गेट-विड्थ’. पूर्वी एका वेळी एकच लेअर निवडलेला असे, आता अनेक असू शकतात; त्यामुळे ‘चालू लेअर दे’ असे म्हणायची पद्धतच गेली, आता निवडलेल्या लेअरांची यादी मिळते. पायथनची जुनी वाट तर त्याआधीच खचली होती. तिचा सारा भार पायथन २ वर, आणि पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. जुन्या स्क्रिप्टांची पहिली ओळ ज्या गिंपफू मोड्यूलला हाक मारायची, ते मोड्यूलच ३.० मध्ये नाही.

रुंदी विचारणे ज्याने साठ ठिकाणी लिहिले, त्याला साठ ठिकाणी हात घालावा लागला. ज्याने ते ‘रुंदी’ नावाच्या आपल्या एका फंक्शनमध्ये कोंडून ठेवले होते, त्याचे काम एका ओळीत झाले. पुस्तकातला बहुतेक युक्तिवाद या दोन वाक्यांत आला.

दुसरे कारण, स्क्रिप्ट लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मोबाइलवर आहेत. मराठीत विचारले तरी ती झटकन पन्नास ओळी देतात. त्या ओळींत गिंपच्या जुन्या २.१० आवृत्तीची नावे आणि ३.० ची नावे एकमेकांत मिसळून येऊ शकतात, आणि जे फंक्शन गिंपमध्ये कधी नव्हतेच त्याचेही नाव आत्मविश्वासाने येऊ शकते. एमएस-सीआयटीने तालुक्या-तालुक्यात संगणकाची भीती घालवली, हे तिचे मोठे काम. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत नेले, गिंपचेही. पण यंत्राने लिहिलेली ओळ वाचून ‘हे चालणार नाही’ असे म्हणायचे तर पायाखाली स्वतःच्या पारखलेल्या फंक्शनांचा संच लागतो. यंत्राला सांगता आले पाहिजे, की ही माझी वीस फंक्शने, यांच्याबाहेर जाऊ नकोस. असे बांधून दिले की तेच यंत्र कितीतरी कामाचे होते.

तिसरे कारण आपल्या लिपीचे आहे आणि ते इंग्रजी पुस्तकांत कुठे सापडणार नाही. गोलाकार लोगो करायचा असतो, ग्रामपंचायतीचा, क्रीडा मंडळाचा, दिवाळीनंतरच्या मंडई या जत्रेच्या कमिटीचा. नावातले एकेक अक्षर सुटे करायचे, फिरवायचे आणि वर्तुळावर बसवायचे. इंग्रजी स्क्रिप्ट हे सहज करते. तिला ‘श्रीकृष्ण’ दिले की ती नऊ तुकडे करते, कारण संगणकाच्या लेखी त्या नावात नऊ खुणा आहेत : श, हलंत, र, दीर्घ वेलांटी, आणि असेच पुढे. वर्तुळावर सुटा हलंत आणि ठिपक्यांच्या गोलावर बसलेली पोरकी वेलांटी येऊन बसते. आपल्याला हवी असतात तीन अक्षरे : श्री, कृ, ष्ण. कुठे तोडायचे आणि कुठे नाही हे सांगणारे फंक्शन जेमतेम पंधरा ओळींचे आहे. ते नाही म्हणून ठिकठिकाणचे मराठी लोगो आजही हाताने एकेक अक्षर चिकटवून केले जातात.

लिपीचीच दुसरी अडचण : ‘बऱ्हाणपूर’ मधला र दोन प्रकारे टाइप होतो; पडद्यावर एकसारखा, आतून वेगळा. दोनशे ओळखपत्रांच्या यादीत नावावरून फोटो शोधणारी स्क्रिप्ट अशा वेळी फोटो समोर असून ‘सापडला नाही’ म्हणते. ‘ॲ’ चेही तेच. तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एका रूपात आणणारे फंक्शन या संग्रहात आहे, आणि माझ्या मते ओळखपत्रे करणाऱ्या शाळा-कॉलेजांना पुस्तकातला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल.

मग ल आणि श. आमगावला मध्य प्रदेश जवळ, छत्तीसगड जवळ. एकाच दुकानात सकाळी हिंदी फ्लेक्स निघतो आणि दुपारी मराठी. लिपी एक, पण मराठी डोळ्याला ल आणि श यांची वळणे आपली हवीत. ज्या फॉण्टांत दोन्ही वळणांची सोय केलेली आहे, ते फॉण्ट मजकुराची भाषा विचारतात. भाषा सांगितलीच नाही तर बहुधा हिंदी वळण येते. गिंपच्या मजकूर-लेअरला भाषा सांगण्याचे फंक्शन पूर्वीपासून आहे. ते कोणी हाकच मारत नाही. मजकूर लिहिणाऱ्या आमच्या मदतनीस फंक्शनमध्ये भाषा सांगणे सक्तीचे केले आहे. न सांगता ते पुढे सरकत नाही.

एक फंक्शन या संग्रहात जाणूनबुजून ठेवलेले नाही : चेहरा गोरा करणारे. स्टुडिओत त्याची मागणी सतत असते आणि तीन ओळींत ते लिहिता येते. पण स्क्रिप्ट म्हणजे न विचारता सर्वांवर चालणारा हात. दोनशे मुलांच्या फोल्डरवर तो फिरला की दोनशे जणांचा रंग त्यांना न विचारता बदलतो, आणि आमच्या जिल्ह्यातल्या गोंड मुलीला तिच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच कोणाचा चेहरा मिळतो. उजेड कमी पडला असेल तर तो सुधारणारे फंक्शन आहे. ते चित्राचा पांढरा बिंदू मागच्या पडद्यावरून ठरवते, कातडीवरून नाही. हा फरक कसा राखायचा ते त्या फंक्शनसोबत सविस्तर लिहिले आहे, आणि वाचकाने ती पाने गाळू नयेत अशी माझी विनंती आहे.

पुस्तक कोणासाठी? गिंप किंवा फोटोशॉप हाताने चांगले चालवणाऱ्या, पण एक ओळही प्रोग्राम न लिहिलेल्या माणसासाठी. भवभूतींचे नाव लावणाऱ्या इथल्या महाविद्यालयात शिकणारी, सुट्टीत काकाच्या स्टुडिओत बसणारी मुले माझ्या डोळ्यांपुढे होती. म्हणून सुरुवात भाषेच्या व्याकरणाने होत नाही. पासपोर्टच्या शीटपासून होते आणि व्याकरण लागेल तसे येते. उदाहरणे स्कीम आणि पायथन दोन्हींत आहेत. दोन्ही का, असे विचारले गेले. स्कीमच्या स्क्रिप्टला गिंपशिवाय काहीच लागत नाही, ती पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या दुकानात नेता येते. पायथन शिकलेले मात्र गिंपबाहेरही पोट भरायला उपयोगी पडते. मला स्वतःला स्कीम अधिक प्रिय आहे, तरी पोटाचा मुद्दा मोठा आहे.

फंक्शनांची नावे मराठी उच्चारांची ठेवली आहेत, कारण ती वाचताना दुकानातले बोलणे कानावर यावे : ‘शीट-मांड’, ‘वजन-बसव’, ‘अक्षरे-तोड’. प्रत्येक फंक्शनच्या आधी ते काय घेते, काय देते आणि कधी नकार देते हे साध्या मराठीत लिहिले आहे. गिंपशी थेट बोलणारी फंक्शने एका वेगळ्या फाइलीत आहेत, जवळजवळ तीस. बाकीची सगळी त्या तिसांमार्फतच बोलतात. पुढची आवृत्ती येईल तेव्हा एवढीच फाइल दुरुस्त करायची. अर्जांची मापे दुसऱ्या फाइलीत आहेत, नुसती यादी, प्रोग्राम नाही. खाते, रुंदी, उंची, किमान वजन, कमाल वजन. ती मापे जाहिरातीगणिक बदलतात. तेव्हा छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. ताजी जाहिरात उघडा, यादीतली ओळ बदला, आणि मगच फोल्डरवर स्क्रिप्ट चालवा.